ज्येष्ठ रुग्णांचं कुपोषण वेळेत ओळखणं: सोलापुरातल्या दवाखान्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडी, वॉर्ड किंवा घरभेटी सांभाळणारे डॉक्टर, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पासष्टी ओलांडलेला रुग्ण समोर आला की काय विचारायचं, काय मोजायचं आणि आकडा हातात आल्यावर काय करायचं, एवढाच यातला विषय.

कुपोषण म्हटलं की अंगणवाडी आठवते. म्हाताऱ्या माणसांत ते वेगळं शोधावं लागतं का?

हो, कारण ते आपणहून कुणी सांगत नाही. गुडघा दुखतो, झोप येत नाही, चक्कर येते अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतो. "अंग गेलंय, वाळलेत अगदी" हे बरोबर आलेली सून जाता जाता बोलते, आणि त्यावर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "वय झालं, चालायचंच." वयाबरोबर स्नायू कमी होतात हे खरं, पण ते वर्षानुवर्षं हळूहळू होतं. तीन महिन्यांत बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तर ते वय नव्हे. अशा रुग्णाची जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग पटकन होतो, तो पडतो, अंथरुणाला खिळला तर पाठीला जखमा होतात आणि रुग्णालयातला मुक्काम लांबतो.

साधनं बरीच आहेत. कोणतं वापरावं?

पासष्टीच्या पुढच्या रुग्णांसाठी एमएनए-एसएफ, म्हणजे 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' या प्रश्नावलीचं छोटं रूप. यात सहा प्रश्न आणि १४ गुण असतात. १२ ते १४ म्हणजे पोषण ठीक, ८ ते ११ म्हणजे धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. सरावलेल्या परिचारिकेला पाच मिनिटं पुरतात, रक्त काढावं लागत नाही. सगळ्या वयाचे रुग्ण असलेल्या वॉर्डात 'मस्ट' (मालन्यूट्रिशन युनिव्हर्सल स्क्रीनिंग टूल) सोयीचं पडतं, कारण त्यात बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा), घटलेलं वजन आणि तीव्र आजारानं पाच दिवसांहून जास्त बंद पडलेलं किंवा पडणारं खाणं एवढंच पाहतात. दोन्हींपैकी एक ठरवा आणि तेच चालू ठेवा. दर पाळीला साधन बदललं तर मागच्या महिन्याशी तुलना करता येत नाही.

एमएनए-एसएफचे सहा प्रश्न आपल्या बोलीत कसे विचारायचे?

बहुतेक चुका इथंच होतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिला प्रश्न तीन महिन्यांत खाणं कमी झालं का, हा. खूप कमी झालं असेल तर ०, थोडं कमी १, नाही तर २. इथं "जेवता का नीट?" असं विचारू नका. "जेवलात का?" हा आपल्याकडे रामराम आहे, प्रश्न नव्हे. कन्नड घरातलं "ऊट आय्ता?" किंवा पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं "अन्नं तिन्नारा?" हेही तसंच. त्याला उत्तर "हो" असंच द्यायची रीत आहे. त्याऐवजी भाकरी मोजा. "दिवाळीत एका वेळेला किती भाकरी खात होता? आता किती? अर्धी की चतकोर?" मग "काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय पोटात गेलं?" चहा-बिस्किटंही मोजा. कित्येक आजींचं रात्रीचं जेवण म्हणजे चहात बुडवलेली दोन खारी, हे असं विचारल्यावरच कळतं. उत्तर आजींनी द्यायचं आहे, मुलानं नव्हे. आणि सोलापुरात भाषेचा अडसर खरा आहे, तेव्हा तेलुगू किंवा कन्नड बोलणारी एखादी परिचारिका वा आया जवळ असू द्या.

दुसरा, तीन महिन्यांत वजन घटलं का. ३ किलोपेक्षा जास्त घटलं तर ०, माहीत नाही १, १ ते ३ किलो घटलं तर २, घटलं नाही तर ३. "माहीत नाही" ही सुटकेची जागा आहे. चार किलो घटलेल्या माणसाला आळसापोटी "माहीत नाही" दिलं की त्याला एक गुण फुकट मिळतो आणि तो धोक्याच्या रेषेवर जाऊन बसू शकतो.

तिसरा हालचालीचा. अंथरूण-खुर्ची सुटत नाही ०, उठतात पण घराबाहेर पडत नाहीत १, बाहेर जातात २. ओट्यावर येऊन बसणं म्हणजे बाहेर जाणं नव्हे.

चौथा, तीन महिन्यांत तीव्र आजार किंवा मोठा मानसिक धक्का: असेल तर ०, नसेल तर २, मधलं काही नाही. जोडीदाराचं जाणं, घर बदलणं, मुलगा कामासाठी पुण्याला गेल्यानं एकटं पडणं, हे सगळं यात धरा. लोक ते आजार म्हणून सांगत नाहीत.

पाचवा, स्मृतिभ्रंश किंवा नैराश्य. तीव्र ०, सौम्य स्मृतिभ्रंश १, काही नाही २. सहावा बीएमआय: १९ पेक्षा कमी ०, १९ ते २१ च्या आत १, २१ ते २३ च्या आत २, २३ किंवा जास्त ३.

वजन तर सगळेच घेतात. त्यात काय चुकतं?

घेतात, पण बऱ्याचदा रुग्णानं सांगितलेला आकडाच लिहितात. केसपेपरवर वजनापुढे "मोजलं" की "सांगितलं" हा शब्द लिहायची सवय लावा. चप्पल, स्वेटर, पिशवी, कमरेचा बटवा काढून, शक्यतो लघवी करून आल्यावर, दर वेळी त्याच काट्यावर वजन घ्या. काटा फरशीवर सपाट हवा, सतरंजीवर नको. महिन्यातून एकदा काट्याची खात्री करायला वेगळं काही लागत नाही. पाण्याचा रिकामा जार काट्यावर ठेवा, आकडा लिहा, मग लिटरच्या मापानं मोजून २० लिटर पाणी भरा. फरक २० किलो यायला हवा. अर्धा किलो इकडेतिकडे दिसला तर काटा दुरुस्तीला द्या.

उभं राहता न येणाऱ्या रुग्णाला नातेवाइकानं उचलून काट्यावर उभं राहणं धोक्याचं, दोघंही पडतात. धान्याच्या गोदामात असतो तसा मोठा सपाट काटा मिळाला तर चाकाची खुर्ची रुग्णासकट त्यावर चढवा आणि रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करा.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो तेव्हा शरीरातलं पाणी कमी झाल्यानंही वजन उतरतं. पायी वारी करून आलेल्यांचंही तसंच होऊ शकतं. अशा वेळी आकडा लिहून ठेवा आणि नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. मात्र "उन्हाळ्यात भूक मरतेच" म्हणून सोडून देऊ नका.

मागचं वजन कुणालाच माहीत नसेल तर?

जुन्या चिठ्ठ्या मागवा. डिस्चार्ज कार्ड, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा कागद, मधुमेहाची वही, यांत कुठंतरी वजन सापडतं. नाहीच मिळालं तर वस्तूंना विचारा. पोलक्याला शिलाई घालून घ्यावी लागली का? पायजम्याची नाडी, पट्ट्याचं भोक किती आत आलं? अंगठीला दोरा गुंडाळलाय का? कवळी सैल होऊन खालीवर होते का? यावरून किलो कळत नाहीत, पण वजन घटलंय एवढं नक्की होतं. तेवढ्यावर "घटलं नाही" हा पर्याय खोडता येतो.

टक्केवारी अशी काढा: पूर्वीच्या वजनातून आताचं वजा करा, उरलेल्याला पूर्वीच्या वजनानं भागा, शंभरानं गुणा. ५२ वरून ४७.५ किलो म्हणजे ४.५ किलो घट, जवळजवळ ८.७ टक्के.

पाठीतून वाकलेल्या माणसाची उंची कशी घ्यायची?

उभं करून घेतलेली उंची अशा वेळी कमी येते, त्यामुळे बीएमआय वाढतो आणि कुपोषण लपतं. त्याऐवजी अर्धा वाव मोजा. हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरवा, गळ्याखालच्या खाचेच्या मध्यापासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत टेप लावा. बाईसाठी हे सेंटिमीटर १.३५ नं गुणून ६०.१ मिळवा. पुरुषासाठी १.४० नं गुणून ५७.८ मिळवा. अर्धा वाव ७० सेंटिमीटर असलेल्या आजींची अंदाजे उंची १५४.६ सेंटिमीटर येते. हा अंदाज आहे, एखाददुसरा सेंटिमीटर इकडेतिकडे होणारच. म्हणून एका रुग्णासाठी एकदा काढलेली उंची कायम ठेवा, दर भेटीला नवी काढू नका.

वजन-उंची काहीच जमत नसेल तर पोटरीचा घेर चालतो ना?

चालतो, पण बीएमआयच्या जागी, त्याच्या जोडीला नाही. घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर ०, ३१ किंवा जास्त आला तर ३. दोन्हींचे गुण मिळवले तर बेरीज १४ च्या वर जाऊ शकते.

रुग्णाला बसवा, गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर टेकलेलं. पायजमा गुडघ्याच्या वर, पण तो आवळला जाऊ देऊ नका. सगळ्यात जाड भागाभोवती टेप लावा, मग थोडं वर आणि थोडं खाली मोजून पहिला आकडाच मोठा आहे ना ते पाहा. टेप कातडीला टेकेल एवढाच हवा. पायावर सूज असेल तर हे माप सोडून द्या.

स्नायूंच्या ऱ्हासासाठी आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये दिलेल्या सीमा वेगळ्या आहेत: पोटरी पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी, हाताची पकड पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी. त्या वेगळ्या रकान्यात लिहा. एमएनएच्या अर्जात ३१ च राहू द्या.

दोन साधनं वेगवेगळं सांगतात तेव्हा कुणाचं ऐकायचं?

उदाहरण घेऊ. ७२ वर्षांच्या आजी, उंची १५० सेंटिमीटर, तीन महिन्यांत ५२ वरून ४७.५ किलो. दोन भाकरींची एक झाली. मधे तापानं रुग्णालयात होत्या. घरात फिरतात, बाहेर जात नाहीत, डोकं स्वच्छ आहे. बीएमआय २१.१. एमएनए-एसएफ: १, ०, १, ०, २, २, बेरीज ६, म्हणजे कुपोषण. मस्ट मात्र बीएमआय २० च्या वर म्हणून ० आणि घट ५ ते १० टक्क्यांत म्हणून १ देतं, बेरीज १, म्हणजे मध्यम धोका.

स्क्रीनिंग हे निदान नाही, ती चाळणी आहे. निदानासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये मांडलेले ग्लिम निकष लावा. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट, कमी बीएमआय किंवा कमी स्नायू यांपैकी एक, आणि कमी खाणं किंवा आजाराचा दाह (इन्फ्लमेशन) यांपैकी एक, असं जुळलं की निदान पक्कं. आशियाई लोकांसाठी कमी बीएमआय म्हणजे सत्तरीच्या आत १८.५ पेक्षा कमी, सत्तरीनंतर २० पेक्षा कमी. या आजींच्या बाबतीत वजनाची घट आणि दोन आठवड्यांहून जास्त कमी झालेलं खाणं ही जोडी जुळते. बीएमआय "नॉर्मल" असूनही. नुसत्या बीएमआयवर विसंबणाऱ्या दवाखान्यात त्या सुटल्या असत्या.

अल्ब्युमिनची तपासणी केली तर हे सगळं टळेल का?

नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन दाह, यकृत, मूत्रपिंड आणि शरीरातलं पाणी यांच्यामुळे वरखाली होतं. न्यूमोनियाच्या रुग्णात ते उतरतं, आणि महिनोन्‌महिने अर्धपोटी असलेल्या पण संसर्ग नसलेल्या माणसात चांगलं राहू शकतं. आजार किती गंभीर आहे हे ते सांगतं, ताटात काय होतं हे नाही. तो खर्च वजनकाट्यावर करा.

जाड माणूस कुपोषित असू शकतो?

असतो. ८० किलोवरून ७० वर आलेल्या आजोबांना सगळे "बरं झालं, उतरलात" म्हणतात. घट साडेबारा टक्के आहे आणि त्यात स्नायूही गेलेत. न ठरवता घटलेलं वजन ही जाड माणसातही धोक्याचीच खूण.

उलट बाजूनं, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारात सुजेचं पाणी वजनात धरलं जातं. तिथं दंडाचा घेर मोजा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर बीएमआय बहुधा २० च्या खाली आहे असं समजा.

गुण कमी आले. आता आधी काय?

टॉनिक लिहून देऊ नका. आधी तोंड उघडायला सांगा आणि बॅटरीनं पाहा. मिशरी आणि तंबाखू आपल्याकडे जुनी आहे. तोंड किती उघडतं, पांढरे चट्टे आहेत का, न भरणारी जखम आहे का, दात किती उरलेत, कवळी बसते का. ज्वारीची भाकरी दातांशिवाय चावत नाही, आणि ती सुटली की दिवसातलं मुख्य अन्नच सुटतं. दोन घोट पाणी समोर पिऊन दाखवायला सांगा. ठसका लागला किंवा आवाज ओला झाला तर गिळण्याची तपासणी आधी, आहाराचा तक्ता नंतर.

मग औषधांची पिशवी टेबलावर ओता. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं भूक मरते, बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हृदयविकाराच्या डिजॉक्सिननं मळमळ होते. लोहाच्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी शौचाला कडक होतं, आणि पोट साफ नसलं की अन्न जात नाही. नैराश्य, थायरॉइड, अनियंत्रित साखर, कर्करोग हे क्रमानं तपासा. क्षयरोग विसरू नका. म्हाताऱ्या माणसात खोकला ठळक नसतो, नुसतं खंगणं असतं. निदान झालं तर निक्षय पोषण योजनेत नाव घाला. तिचे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत.

आणि स्वयंपाक कोण करतं, ते विचारा. एकट्या आजोबांच्या घरी गॅस पेटवणारं कुणी नसेल तर उरलेल्या तपासण्यांना फारसा अर्थ नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन त्यांना लिहून द्या.

मधुमेहामुळे पथ्य आहे, त्याचं काय करायचं?

पथ्याची यादी मागवून पाहा. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेलं "भात बंद, तूप बंद, केळं बंद, मीठ कमी" अजून निष्ठेनं पाळलं जात असतं, आणि दरम्यान माणूस पंधरा किलोनं उतरलेला असतो. कुपोषित ज्येष्ठात कडक पथ्य बहुतेक वेळा सैल करावं लागतं. गोळ्या किंवा इन्सुलिन खाण्याला जुळवून घ्या, खाणं गोळ्यांना नव्हे. अळणी आमटी कुणालाच जात नाही. अपवाद आहेत. मूत्रपिंड निकामी होत असून डायलिसिस सुरू नसेल तर प्रथिनांचं प्रमाण तज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

रोज किती आणि कशातून द्यायचं?

सुरुवातीचा अंदाज दर किलोमागे ३० किलोकॅलरी आणि निदान १ ग्रॅम प्रथिनं, आजारात १.२ ते १.५ ग्रॅम. ४५ किलोच्या आजींना म्हणजे १३५० किलोकॅलरी आणि ४५ ते ५५ ग्रॅम प्रथिनं. हे घरच्या ताटात बसतं: दिवसभरात १२० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतून साधारण १२ ग्रॅम, ३० ग्रॅम कच्च्या डाळीच्या घट्ट वरणातून ७, ३०० मिली दुधातून ९-१०, २५ ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटातून ६, एका अंड्यातून ६, वाटीभर दह्यातून ५. अंडं खात नसतील तर त्याच्या जागी दुधात १५ ग्रॅम दुधाची पावडर कालवा, ५ ग्रॅम मिळतात.

ताट मोठं करू नका, घास जड करा. भाकरी गरम आमटीत किंवा दुधात कुस्करून, वर चमचाभर तूप घालून दिली की ४५ किलोकॅलरी वाढतात आणि चावायचं काम वाचतं. आपली शेंगा चटणी इथं औषधासारखी आहे, फक्त तिखट कमी करून दह्यात किंवा तेलात कालवून द्या, कोरडी दिली तर ठसका लागतो. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. जेवणाआधी चहा नको, भूक मरते.

प्रोटीन पावडरचा डबा घ्यायचा का?

घरचं अन्न वाढवून वजन हलत नसेल तर घ्या, पण मापानं. पूरक आहारातून रोज निदान ४०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, आणि तो किमान महिनाभर चालू ठेवून मग परिणाम पाहायचा. डब्यावरचा तक्ता वाचा. बऱ्याच डब्यांत एका मापात प्रथिनं थोडी आणि साखर भरपूर असते. दोन जेवणांच्या मधे द्या. जेवणाच्या जागी दिला तर एका हातानं देऊन दुसऱ्यानं काढून घेतल्यासारखं होतं.

बरेच दिवस उपाशी असलेल्याला भरपूर खायला घालण्यात धोका आहे का?

आहे. उपाशी शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातले क्षार झपाट्यानं उतरतात, आणि जीव जाऊ शकतो. बीएमआय १६ पेक्षा कमी, तीन-सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त घट, दहा दिवसांहून जास्त जवळपास काहीच खाल्लेलं नाही, किंवा खाणं सुरू करण्याआधीच पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम कमी: यांतलं एक जरी असेल तर रुग्णालयात ठेवूनच सुरुवात करा. आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), मग दर किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त १० किलोकॅलरी, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढ. क्षार रोज तपासा. नातेवाईक मायेनं शिरा भरवत असतात, त्यांना कारण समजावून सांगा, नुसतं "नको" म्हणू नका.

उपासतापासाचं कसं विचारायचं?

सरळ विचारा: एकादशी, सोमवार, गुरुवार, चातुर्मासातलं एकभुक्त, रमजानचे रोजे. सोडा म्हटलं तर पुढच्या वेळी खरं सांगत नाहीत. एकादशीला नुसतं पाणी-चहाऐवजी दूध, शेंगदाणे, राजगिरा, दही चालतं ना, एवढं विचारून ठरवा.

किती दिवसांनी पुन्हा पाहायचं?

दाखल झाल्यावर पहिल्या २४ तासांत, मग वॉर्डात दर आठवड्याला वजन. बाहेरच्या रुग्णात १२ किंवा जास्त गुण असतील तर वर्षातून एकदा किंवा मोठ्या आजारानंतर लगेच. ८ ते ११ गुणांवर तीन महिन्यांनी पुन्हा, मधे दर महिन्याला वजन. ७ किंवा कमी असेल तर पंधरा दिवसांनी बोलवा.

गर्दीच्या ओपीडीत एवढा वेळ कुठून आणायचा?

सगळ्यांचा पूर्ण अर्ज भरत बसू नका. केसपेपर काढतानाच पासष्टीवरच्या प्रत्येकाचं वजन घेऊन वरच्या उजव्या कोपऱ्यात तारखेसह लिहा, मागच्या भेटीच्या आकड्याखाली. दोन आकडे एकाखाली एक आले की घट डोळ्यांत भरते. जिथं घट दिसते, किंवा "अन्न जात नाही" हे शब्द कानावर येतात, तिथंच सहा प्रश्न. डिस्चार्ज कार्डवर निदानाच्या रकान्यात "कुपोषण" हा शब्द आणि त्या दिवशीचं वजन लिहा, म्हणजे अक्कलकोट किंवा बार्शीच्या डॉक्टरांना पुढच्या महिन्यात तुलनेला आकडा मिळेल.